कामगार मंद की गाळ्याची व्यवस्था मंद?

“कारागीर मन लावून काम करीत नाहीत, मजुरी मात्र वाढवून मागतात,” ही तक्रार आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांच्या तोंडी असते. रबाळे औद्योगिक वसाहतीत गाळा चालविताना आम्हीही ती अनेकदा केली. एकदा पत्र्याच्या सुट्या भागांचा माल दोन दिवस उशिरा निघाला, म्हणून आम्ही प्रेसवरच्या जुन्या कारागिराची दोन दिवसांची मजुरी कापली. तो काही बोलला नाही. महिनाअखेर हिशेब घेतला आणि निघून गेला. पुढे उलगडा झाला की, त्या दोन दिवसांतला निम्मा वेळ तो डाय आणि पाने शोधत होता. उरलेला वेळ पत्रा येण्याची वाट पाहत होता. दोन्ही गोष्टी आमच्या जबाबदारीच्या होत्या. तसा हात असलेला माणूस आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

तारापूरचा अनुभव

तारापूर आणि उमरगाव येथील १७ कापड कंपन्यांत २००८ पासून निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. निवडक कारखान्यांना काही महिने सल्लागार दिले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या : जमीन स्वच्छ ठेवा, हत्यारांना ठरलेली जागा द्या, सुट्या भागांची नोंद करा, माग का बंद पडला आणि कापडात दोष कुठे आला हे रोज लिहून त्यावर बोला. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्याआधी अनेक मालकांना आपल्या कारभारात काही उणे आहे असे वाटतच नव्हते. आमचीही गत तीच होती.

उकाडा आणि प्रवास

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली दुपारी हात मंदावतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत जुन्या ट्यूब काढून एलईडी दिवे लावले, तेव्हा वीज तर वाचलीच. शिवाय दिव्यांची उष्णता कमी झाल्याने कडक उन्हाच्या दिवसांत कामही वाढल्याचे आढळले. एक्झॉस्ट पंखा आणि थंड पाण्याचा माठ हा खर्च फुकट जात नाही.

२००४ साली ठाणे-वाशी मार्गावर लोकल सुरू झाली आणि रबाळ्याला स्थानक मिळाले. तरी मुंब्रा-कळव्याहून येणाऱ्याला ठाण्याला गाडी बदलावीच लागते. तो घामाघूम होऊन पोहोचतो. पाळीची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवून घेतली, तर रोजची कटकट वाचते.

मजुरी कधी द्यावी?

मजुरी वेळेवर देण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. तिचा धंद्यालाही फायदा आहे. ओडिशात पानांच्या पत्रावळी करणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांपैकी काहींना त्यांच्या कमाईचा भाग ठरल्या वेळेआधी दिला गेला. मजुरीचा दर तोच होता. तरी त्यांचे काम सरासरी ७ टक्क्यांनी वाढले आणि चुका कमी झाल्या. घरभाडे आणि दुकानदाराची उधारी डोक्यात घोळत असेल, तर कामावर लक्ष कसे लागणार? ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्या मालकाने याचा विचार करावा.

इतके तरी करा

एक साधी वही गाळ्यात टांगा. काम केव्हा थांबले, किती वेळ आणि कशामुळे, एवढेच महिनाभर लिहा. लिहिणारा कारागीरच असू द्या, आणि लिहिल्याबद्दल त्याला बोल लावू नका. महिन्याच्या शेवटी ती त्याच्यासोबत बसून वाचा. कामचुकार माणसे नसतातच असे नाही, पण त्या वहीत कारागिराचा दोष किती आणि आपला किती हे दिसेल. मजुरी कापायची ती त्यानंतर. आम्ही ही वही सुरू केली, पण तो कारागीर गेल्यावर.