एका आगबोटीचे तीन जन्म

सन १९१४ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबई बंदरातून सैनिकांनी भरलेल्या आगबोटी इराणच्या आखाताकडे निघाल्या. पुण्यास मुख्य ठाणे असलेल्या ‘पूना डिव्हिजन’चे ते सैनिक होते आणि त्यांत मराठा पलटणीचे शिपाईही होते. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. एवढी माणसे समुद्रापार न्यायची, तर बोटी आणावयाच्या कोठून? नवी बोट बांधण्यास फार काळ लागतो. म्हणून सरकारने प्रवासी बोटीच युद्धकार्यास लावल्या.

प्रवासी बोटीत माणसांच्या निवाऱ्याची सोय आधीच असते. स्वयंपाकघरे असतात, गोड्या पाण्याच्या टाक्या असतात. खोल्यांमधील आडभिंती काढून निजण्यासाठी एकावर एक फळ्या ठोकल्या, की तीत उतारूंपेक्षा कितीतरी अधिक सैनिक मावतात. तेथेच खाटा मांडल्या, शस्त्रक्रियेची खोली सिद्ध केली, की ती बोट तरंगते रुग्णालय बनते. परंतु या दोहोंत एक मोठा भेद आहे. सैनिकांच्या बोटीवर शत्रू हल्ला करू शकतो. रुग्णालयाच्या बोटीस मात्र १९०७ च्या हेग कराराने अभय दिले होते. लष्करी रुग्णालयाची बोट दुरूनही ओळखू यावी, म्हणून तिला पांढरा रंग देऊन बाजूने हिरवा पट्टा ओढीत. या अभयाच्या मोबदल्यात अशा बोटीचा युद्धासाठी कोणताही उपयोग करावयाचा नाही, असे बंधन होते.

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही अशीच एक प्रवासी बोट. इंग्लंडमधील बॅरो येथे १८९० साली ती पाण्यात उतरली आणि पुढे कॅनडा व पूर्व आशिया यांच्या दरम्यान उतारूंची ने-आण करू लागली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ मध्ये ती विकत घेतली. हिंदी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तिचे रुग्णालय करण्यात आले. १९१५ च्या आरंभी तिला ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, हे नाव मिळाले.

युद्ध संपले. त्या काळी हिंदुस्थानचा समुद्रव्यापार मुख्यतः ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. आपला माल आपल्याच बोटींतून जावा, ही आकांक्षा सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी बाळगली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे काही शिक्षण झाले होते. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ही जुनी बोट घेतली आणि ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी स्थापिली. दि. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली.

बोट वृद्ध झाली होती. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. परंतु तिने दाखविलेली वाट बुजली नाही. तिच्या त्या प्रवासाची आठवण म्हणून १९६४ पासून भारतात ५ एप्रिल हा ‘राष्ट्रीय सागरी दिन’ पाळला जातो. साम्राज्याच्या युद्धात मिळालेले ‘निष्ठा’ हे नाव अखेरीस स्वदेशाच्या कार्यी सार्थ झाले.