खोक्यावरचा क्रमांक

इंजेक्शन म्हटले की आपले सारे भय सुईपाशी गोळा होते. सिरिंजच्या वेष्टनावर काय छापले आहे, ते वाचण्याची सवय मात्र फार थोड्या घरांत आढळते. ती किती मोलाची, हे अमेरिकेतील एका प्रकरणाने दाखविले आहे.

ज्या रोग्यास दीर्घकाळ शिरेवाटे औषध द्यावयाचे असते, त्याच्या शिरेत बारीक नळी बसवून ठेवतात. ती रक्ताने तुंबू नये म्हणून मिठाचे निर्जंतुक पाणी किंवा हेपॅरिन हे औषध तिच्यातून वेळोवेळी सोडावे लागते. यासाठी आधीच भरलेल्या सिरिंजा मिळतात आणि पुष्कळ रोगी त्या घरीच वापरतात. उत्तर कॅरोलायना राज्यातील एंजियर या गावी एएमटूपॅट नावाच्या कंपनीचा अशा सिरिंजांचा कारखाना होता. २००७ च्या अखेरीस टेक्सास आणि इलिनॉय राज्यांतील रोग्यांच्या रक्तात सेराशिया मार्सेसन्स हे जंतू सापडले. (ओल्या, शिळ्या अन्नावर कधी रक्तासारखे लाल ठिपके उमटतात, ते याच जंतूचे काम!) पुढे न उघडलेल्या सिरिंजांतही तेच निघाले. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने हेपॅरिनची एकच बॅच परत मागविली. जानेवारी २००८ मध्ये मात्र सर्व माल परत मागवावा लागला. पाच मृत्यूंशी या सिरिंजांचा संबंध जोडला गेला.

निर्जंतुकतेच्या चाचणीस १४ दिवस लागतात. नमुना पोषक द्रवात ठेवून जंतू वाढतात की काय, हे पाहावे लागते. या कारखान्याने तेवढेही न थांबता माल रवाना केला आणि चाचणीचे कागद मागाहून, आधीच्या तारखा घालून तयार केले. २००९ मध्ये तेथील दोघा अधिकाऱ्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आमच्या मते ती थोडीच होय.

वेष्टनावरचा ‘निर्जंतुक’ हा शब्द खोटा ठरला, पण बॅच नंबर खरा होता, आणि माल परत मागविण्याची सारी भिस्त त्या नंबरावरच असते. कारखान्याकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून दुकानात नि रुग्णालयात सूचना पोहोचते. घरात मात्र कित्येकदा पोहोचत नाही, कारण खोका केव्हाच केरात गेलेला असतो. आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार हा क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत वेष्टनावर असावीच लागते. औषधाच्या दुकानदाराकडून मिळणाऱ्या पक्क्या बिलावरही बॅच नंबर असतो. म्हणून बिल मागून घ्यावे, आणि शेवटची सिरिंज संपेपर्यंत खोका ठेवावा.

मधुमेही घरांना तर वेष्टन वाचण्याचे आणखी एक कारण आहे. इन्सुलिनच्या सिरिंजा ४० आणि १०० अशा दोन मापांच्या मिळतात. पहिलीचे टोपण सहसा लाल, दुसरीचे नारिंगी. ४० च्या कुपीतले इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत घेतले, तर पोटात टोचले जाते ते फक्त ४ एकक.