युद्धाचा कौल केव्हा मागावा?

ब्रिटनच्या कॉमन्स सभेत मतविभागणी होते तेव्हा सभासदांना जागेवरूनच हात वर करून भागत नाही. घंटा वाजते, आणि प्रत्येकाला उठून 'होय' अथवा 'नाही' यांपैकी एका दालनातून चालत जावे लागते. कोण कोठून गेला याची नावानिशी नोंद होते आणि ती कायम राहते. एरवी हा निव्वळ उपचार असतो. प्रतोदाने तीन रेघा ओढून पाठविलेला पक्षादेश हाती असला म्हणजे पावले आपोआप वळतात. परंतु परदेशी सैन्य धाडण्याचा प्रश्न पुढे आला की हीच पावले जड होतात, आणि सभागृहातील फूट दोन पक्षांच्या मधून न जाता प्रत्येक पक्षाच्या अंतरंगातून जाते.

१८ मार्च २००३ चा दिवस आठवावा. इराकविरुद्ध लष्करी कारवाईस संमती मागणारा ठराव पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी मांडला होता. सभागृहनेते रॉबिन कुक यांनी आदल्याच दिवशी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि मागील बाकावरून त्याची कारणे सभागृहास सांगितली होती. युद्धाची आवश्यकता अद्याप सिद्ध झालेली नाही, अशी दुरुस्ती मतास पडली तेव्हा तिच्या बाजूने २१७ सभासद गेले. त्यांपैकी १३९ खुद्द पंतप्रधानांच्या मजूर पक्षाचे होते. उलट, समोरच्या बाकांवरील हुजूर पक्ष बव्हंशी सरकारच्या पाठीशी उभा राहिला. दुरुस्तीच्या विरुद्ध ३९६ मते पडली. मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. दोनच दिवसांनी स्वारीस प्रारंभ झाला.

या विभागणीत एका बाजूस शांततावादी व दुसऱ्या बाजूस युद्धखोर होते असे मानणे अन्यायाचे होईल. सद्दाम हुसेन यांच्या जुलमाविषयी सभागृहात दुमत नव्हते. वाद होता तो पुराव्याच्या बळाचा, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संमतीचा आणि शांततेचे मार्ग खरोखर संपले आहेत काय याचा. परंतु या प्रश्नांचा निवाडा शांत चित्ताने व्हावा अशी परिस्थितीच उरली नव्हती. चाळीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक आखाती प्रदेशात सज्ज होऊन उभे होते. अशा वेळी 'नाही' म्हणणे म्हणजे आपल्याच सैनिकांना उघड्यावर टाकणे, असा अर्थ सहज लावता येत होता. निर्णय आधी झाला होता आणि संमती मागाहून मागितली गेली होती, असेच आम्हांस वाटते. पुढे इराकमध्ये संहारक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. तेथे १७९ ब्रिटिश सैनिक कामी आले. इराकी प्रजेच्या प्राणहानीची तर तुलनाच करावयास नको. शांततेचे उपाय संपण्यापूर्वीच युद्धात उडी घेतली गेली, असा निष्कर्ष चिलकॉट समितीने २०१६ साली नोंदविला.

दहा वर्षांनी निराळे दृश्य दिसले. २१ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियातील घौटा येथे विषारी वायूने शेकडो नागरिकांचे बळी घेतले. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सुटीवर गेलेली संसद परत बोलाविली व २९ ऑगस्टला सरकारचा ठराव सभागृहापुढे ठेवला. तो २७२ विरुद्ध २८५, म्हणजे अवघ्या १३ मतांनी पडला. विरुद्ध गेलेल्यांत पंतप्रधानांच्या स्वपक्षाचे ३० सभासद होते. कॅमेरॉन यांनी तो कौल त्याच रात्री शिरोधार्य मानला. येथे प्रश्न वेळेवर विचारला गेला होता. म्हणूनच 'नाही' या उत्तरालाही किंमत आली.

ते 'नाही' योग्य होते काय? याविषयी विचारी माणसांत आजही मतभेद आहेत. सीरियाने त्या वर्षी रासायनिक अस्त्रे सोडण्याचे वचन दिले खरे, परंतु २०१७ साली खान शेखून येथे पुन्हा विषप्रयोग झाला. युद्धाला नकार दिला म्हणजे हात स्वच्छ राहिले, असे समाधान कोणासही मानता येणार नाही. तथापि चुकीच्या शक्यतेमुळे प्रतिनिधींचा अधिकार नाहीसा होत नाही. चुका मंत्रिमंडळेही करतात, आणि त्या बंद दाराआड करतात. हल्ल्याची गुप्तता व तातडी ही कारणे काही प्रसंगी खरी असतात. पण ती सोयीची ढालही होऊ शकतात. एप्रिल २०१८ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने सीरियावर हल्ला चढविला, तो सभागृहाचा कौल न घेताच. जी प्रथा केवळ संकेतावर उभी असते, ती सरकारच्या मर्जीवर मोडते, हाच त्याचा अर्थ.

हा सारा प्रकार परक्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. परदेशी सैन्य पाठविण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. १९८७ साली श्रीलंकेशी करार झाला आणि आपली शांतिसेना समुद्रापार गेली. लोकसभेचा कौल आधी घेण्यात आला नव्हता. १९९० साली ती परतली तोवर आपले अकराशेंहून अधिक जवान प्राणास मुकले होते. २००३ साली मात्र संसदेने इराक युद्धाचा निषेध एकमुखाने केला होता, आणि पुढे आपले सैन्य तेथे पाठविण्याची अमेरिकेची विनंती सरकारने मान्य केली नाही. संसद आधी बोललेली असली म्हणजे सरकारला परक्या दडपणास 'नाही' म्हणणेही सोपे जाते, हा या अनुभवाचा बोध आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. देशावर आक्रमण झाले असता उत्तर देण्यास मतदानाची वाट पाहावी, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याच्या भूमीवर आपले सैन्य न्यावयाचे असेल तर प्रश्न सैन्य निघण्यापूर्वी, हाती असलेल्या पुराव्यासह आणि पक्षादेश बाजूस ठेवून विचारला गेला पाहिजे. सभासद विभागले जातील, पक्ष फुटतील, सरकारची अब्रूही पणास लागेल. तसे होणे वाईट नव्हे. ज्या घरातील मुलगा रणांगणावरून परत येत नाही, त्या घराला निदान एवढे विचारण्याचा हक्क आहे की, आमच्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूस मत दिले आणि का दिले. मतदानच झाले नसेल, तर या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी उरत नाही.