साकिओरी : एका शब्दाचे वस्त्र

'साकिओरी' हा जपानी समास 'साकु' म्हणजे फाडणे आणि 'ओरु' म्हणजे विणणे या दोन क्रियापदांवरून सिद्ध झाला आहे. त्याचे 'चिंध्यांचे कापड' हे भाषांतर अपुरे ठरते. चिंधी टाकाऊ असते, येथे फाडणे ही विणण्याचीच पूर्वतयारी होय. थंड उत्तर जपानात कापूस पिकत नसे. एदो काळात (१६०३–१८६८) पश्चिमेकडील जुने सुती कपडे गलबतांतून तेथे येत. त्यांच्या अरुंद पट्ट्या फाडून वाखाच्या ताण्यात बाणा म्हणून घालीत. हे कापड जाड, उबदार होई. आजच्या साकिओरी शालींत पुष्कळदा जुन्या रेशमी किमोनोचा बाणा असतो. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवलेला असल्याने उसवताच सपाट कापड मिळते. मूळ नक्षी मात्र हरवते. शालीवर रंगांचे तुटक ठिपके तेवढे उरतात.