फर्माला चकवणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ असे दुप्पट करत नेले, की याच रीतीने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याने १६४० च्या सुमारास अशी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे मानले. हा अंदाज पुढच्याच पायरीवर कोसळला.

१७३२ मध्ये गणिती लिओनार्ड ऑयलरने ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो हे दाखवले, भागाकार ६७,००,४१७. हा भाजक त्याला नशिबाने गवसला नव्हता. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते, हे ऑयलरच्या पद्धतीतून सिद्ध होते. त्यामुळे तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. इतकी सोपी तपासणी फर्मासारख्या निष्णात गणितीकडून राहून जावी, हे नवलच!

६५,५३७ नंतर या कुळातली एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही.