एंजिने, अपारंपरिक

सिलिंडरात पुढेमागे सरकणारा दट्ट्या, संयोगदांडा व भुजादंड या रूढ रचनेहून वेगळी रचना अथवा वेगळे कार्यचक्र वापरणाऱ्या एंजिनांना अपारंपरिक एंजिने म्हणतात. वजन, जागा वा कंपन कमी करणे आणि इंधनाची बचत साधणे, हे त्यांच्या अभिकल्पामागील मुख्य हेतू होत. यांतील एक हेतू साधला म्हणजे दुसरा आपोआप साधतोच असे नाही. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) येथील दोन उदाहरणांवरून हा भेद चांगला स्पष्ट होतो.

इंधन बचतीचे तत्त्व : चांगल्या पेट्रोल एंजिनातही अनुकूल स्थितीत इंधनातील उष्णतेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भागच उपयुक्त कार्यात उतरतो. बाकीची उष्णता निष्कास वायू व शीतन यांवाटे निघून जाते. आदर्श ऑटो चक्रात संपीडन गुणोत्तर ८ असताना कार्यक्षमता सु. ५६ टक्के, तर १० असताना सु. ६० टक्के येते. परंतु गुणोत्तर फार वाढविल्यास मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून एंजिन ठोके देऊ लागते. म्हणून वायूचे प्रसरण अधिक काळ चालू ठेवणे, भिंतींवाटे जाणारी उष्णता कमी करणे आणि घर्षण व कमी भारावरील शोषणातील हानी घटविणे, या बचतीच्या मुख्य वाटा ठरतात. केवळ सुटे भाग कमी केल्याने इंधन वाचत नाही.

वांकेल एंजिन : जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल (१९०२–८८) यांच्या कल्पनेवरील पहिले एंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले. त्याच्या प्रचलित प्रकारात कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल कोठीत त्रिकोणी घूर्णक फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर शोषण, संपीडन, प्रसरण व निष्कास या क्रिया एकामागून एक घडत असतात. घूर्णकाच्या एका फेऱ्यात दंडाचे तीन फेरे होतात व दंडाच्या प्रत्येक फेऱ्यास एक शक्तिदायी ज्वलन मिळते. झडपा व पुढेमागे हालणारे भाग नसल्याने एंजिन लहान, हलके व कमी कंपनाचे होते.

मात्र याची ज्वलन कोठी लांब व उथळ असते. आकारमानाच्या मानाने तिचे पृष्ठफळ मोठे असल्यामुळे उष्णता भिंतींत जाते आणि कडांजवळचे मिश्रण पुरते जळत नाही. घूर्णकाच्या टोकांवरील पट्ट्यांपाशी वायू निसटतो. त्या पट्ट्यांना वंगणासाठी तेलही पुरवावे लागते. १९७३ च्या तेलसंकटानंतर हा दोष मोटारगाड्यांत फार महाग पडला.

अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेने बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या व वैमानिकी विकास आस्थापनेच्या सहकार्याने ५५ अश्वशक्तीचे वांकेल एंजिन तयार केले. एंजिनाचा गाभा राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, तर प्रज्वलन व इंधन पुरवठा यांसारख्या जोडयंत्रणा अहिल्यानगरच्या आस्थापनेने विकसित केल्या. सु. ३० किग्रॅ. वजनाच्या या एंजिनावर ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाने ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळ पहिले उड्डाण केले. येथे निवडीचे कारण शक्ती-वजन गुणोत्तर हे होते. तथापि, त्यालाही मर्यादा आहे. समजा, एखादे एंजिन १५ किग्रॅ. हलके आहे, पण २० किवॉ. शक्तीवर चालताना दर किलोवॉट-तासाला ५० ग्रॅ. इंधन जास्त घेते. मग तासाला १ किग्रॅ. जादा इंधन लागून १५ तासांच्या उड्डाणात हलकेपणाचा लाभ संपतो.

लूना : याउलट उदाहरण कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीने अहमदनगर येथे निर्माण केलेल्या व १९७२ मध्ये बाजारात आलेल्या लूना या मोपेडचे आहे. तिचे ५० घ. सेंमी. चे दोन धावी एंजिन औष्णिक दृष्ट्या आदर्श नव्हते. या प्रकारात निष्कासाबरोबर थोडे ताजे मिश्रणही न जळताच बाहेर जाते. तरीही वाहन हलके, वेग माफक व एंजिन लहान असल्यामुळे ते थोड्या पेट्रोलवर दूर जाई. बचत एंजिनाच्या कार्यक्षमतेतून नव्हे, तर कामाची गरजच कमी केल्यामुळे झाली.

इतर रचना : जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८० नंतरच्या दशकात संपीडनापेक्षा प्रसरणाची धाव लांब असणारे एंजिन बनविले. त्यांची गुंतागुंतीची दांड्यांची जुळणी मागे पडली, पण तत्त्व टिकले. शोषण झडप उशिरा मिटवून तोच परिणाम साधणारी एंजिने १९९७ पासून संकरित मोटारगाड्यांत वापरली जात आहेत; कमी वेगावरील त्यांची उणीव विद्युत् चलित्र भरून काढते. समोरासमोरच्या दोन दट्ट्यांच्या एंजिनात सिलिंडराचे टोपण नसल्याने उष्णतेची हानी घटते. जर्मनीतील युंकर्स डीझेल विमान एंजिने या प्रकारची होती. रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या १८१६ च्या बाह्यज्वलन एंजिनाची कार्यक्षमता चांगली असते, पण मोठ्या उष्णता-विनिमयकांमुळे ते अवजड होते. संपीडन गुणोत्तर चालू असताना ८ ते १४ या मर्यादेत बदलणारे एंजिन निस्सान कंपनीने २०१८ मध्ये मोटारगाडीत आणले.

मूल्यमापन : नव्या एंजिनाचा दावा पारखताना दर किलोवॉट-तासास लागणारे इंधन पाहावे. चांगल्या पेट्रोल एंजिनात अनुकूल भारावर ते २५० ग्रॅ. च्या आसपास असते. हे मोजमाप पूर्ण भाराबरोबरच कमी भारावरही घेतलेले असावे, कारण रस्त्यावरील वाहन बहुतेक वेळ कमी भारावर चालते. त्याबरोबरच टिकाऊपणा, प्रदूषण व निर्मितीखर्च विचारात घ्यावे लागतात. लीटरमागे कापलेले अंतर हा एंजिनाचा नव्हे, तर संपूर्ण वाहनाचा व त्याच्या वापराचा गुण होय. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].