खड्ग, खडे आणि खेळ

जयपूरच्या सिटी पॅलेसमधील सिलेहखान्यात रत्नजडित मुठींची शस्त्रे पाहायला मिळतात. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या ‘एन्चांटमेंट’चा, म्हणजे शस्त्रावर संस्कार करण्याचा, प्रकार याच्याच जवळचा. फरक इतकाच, की गेममध्ये खड्याने शोभेऐवजी ताकद वाढते. २००० साली आलेल्या ‘डायब्लो २’मध्ये तलवारीच्या खोबणीत माणिक बसवले, की तिच्या वारात आगीची भर पडते.

गेममधली खडे बसवण्याची ही व्यवस्था कशी असावी? जयपुरी कुंदनकामात खड्याच्या घरात लाख भरतात, त्यावर खडा ठेवतात आणि भोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबत नेतात. सोने मऊ, लाखही उष्णतेने सैल होणारी. त्यामुळे कुशल कारागीर खडा काढून पुन्हा बसवू शकतो. ‘डायब्लो २’मध्ये मात्र बसवलेला खडा परत मिळत नाही. थोडे शुल्क घेऊन तो परत मिळाला, तर खेळाडू बिनधास्त प्रयोग करतील.

दुसरा प्रश्न नशिबाचा. ‘रॅग्नरॉक ऑनलाइन’मध्ये सुरक्षित पातळीपुढे शस्त्र आणखी बळकट करताना डाव फसला, तर शस्त्रच मोडू शकते. खरे पैसे गुंतले, की हा जुगार होतो. ‘मेपलस्टोरी’ या खेळात पैसे मोजून शस्त्र-साधनांना चांगले गुण मिळण्याची शक्यता खेळाडूंना न सांगता घटवल्याबद्दल दक्षिण कोरियाने जानेवारी २०२४मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड केला. त्याच वर्षी मार्चपासून तिथे अशा शक्यता जाहीर करणे सक्तीचे झाले.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा: यशाची टक्केवारी लिहिली आहे का, आणि अपयश आल्यास हातात काय उरते?